उजवा गाल मागे

१२ जानेवारी

प्रिय आजी,

हे पत्र चष्मा लावून स्वतः वाच. शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस, कारण यात निम्मी बातमी आहे आणि निम्मं गुपित. फोनवर सांगितलं असतं, पण तुला फोनवर नुसती घरघर ऐकू येते आणि तू तिला "हो हो, जेवले" म्हणतेस.

आधी बातमी. एक तारखेपासून मी लिफ्ट तपासणाऱ्यांची मुख्य झाले. अकरा वर्षं लोकांच्या इमारतींच्या माथ्यावर चढून दोर, ब्रेक, दरवाजे तपासले, गुडघे काळे केले. आता हाताखाली नऊ जण आहेत. सगळे पुरुष, दोघे माझ्याहून वयाने मोठे. एक जण मला 'मॅडम' म्हणताना दर वेळी आधी खोकून घेतो.

आता गुपित. कंपनीने नवा नियम काढलाय. लिफ्टमध्ये बटणांच्या वर तपासणीचा कागद लावतात ना, त्यावर आता जबाबदार माणसाचा फोटो असणार. म्हणजे माझा. तळहाताएवढा, रंगीत. एकूण चारशे बारा लिफ्ट, आजूबाजूच्या गावांतल्याही. तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांची इमारतसुद्धा यादीत आहे. आणि आजी, लिफ्टमध्ये माणसाला बघायला दुसरं असतं काय? अनोळखी माणसाच्या तोंडाकडे बघता येत नाही, म्हणून सगळे त्या कागदाकडे बघतात. आता वर्षभर माझ्याकडे बघतील. माझ्या गालावरच्या व्रणाकडे.

नियम आणखी एक: फोटो कॉम्प्युटरवर साफसूफ करायचा नाही. चेहरा आहे तसाच हवा, ओळख पटली पाहिजे. पाच वर्षांची असताना तू नको म्हणत होतीस तरी स्टुलावर चढले आणि पडले, त्या आगाऊपणाची पावती आता चारशे बारा ठिकाणी चिकटणार.

म्हणून तुला विचारते. चाळीस वर्षं तुम्ही दोघांनी स्टुडिओ चालवलात. आजोबा फोटो काढायचे आणि तू आत खिडकीपाशी बसून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचीस, लोकांचे डाग, सुरकुत्या, वण घालवायचीस. पेन्सिल न लावता हे कसं जमवायचं? काय घालू, कशी बसू, कुठला गाल पुढे करू? तीस तारखेला फोटोवाला येतोय.

तुझी
ठकी

१७ जानेवारी

ठके, माझे ठके,

मुख्य! माझी नात मुख्य! पत्र वाचलं आणि दूध उतू गेलं, जाऊ दे. गुपित मी ठेवलं हो, बातमी मात्र ठेवता आली नाही. शेजारणीला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, पोस्टमनला तर त्यानेच पत्र आणलं म्हणून सांगावंच लागलं. तो म्हणाला, आजी, लिफ्टची मुख्य म्हणजे नक्की काय? मी म्हटलं, तुम्ही वर जाता ना, ते तिच्यामुळे. खरं तर मला तरी काय कळतंय? मी अजून त्या खोक्यात पाऊल टाकलेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेसुद्धा तीन जिने चढून जाते, दोनदा दम खाते, पण कोंडून घेत नाही. तू रागावू नकोस.

अक्षराला हसू नकोस. मला शाळा दोनच वर्षं, तीही धड नाही. बाकीचं मी पाकिटांवर शिकले. गिऱ्हाईक काय सांगेल ते तुझे आजोबा निगेटिव्हच्या पाकिटावर लिहायचे, 'तीळ ठेवणे', 'डाग काढणे'. माझ्या हाताला पहिले वळले ते हेच दोन शब्द, काढणे आणि ठेवणे. आईबाप हे शब्द मी त्यांच्यानंतर शिकले, सांगते काय!

आता कामाचं. नीट वाच, मुख्य झालीस तरी.

कपडे नवे घालायचे नाहीत. दोनदा धुतलेले घालायचे. नवा शर्ट अंगाचा नसतो, दुकानाचाच असतो. एक वकील आमच्याकडे खोक्यातून काढलेला शर्ट तसाच घालून आला होता, छातीवर घडीची चौकट. माणूस भला होता, पण फोटोत खिडकीसारखा दिसायला लागला. त्या रेघा पेन्सिलने भरता भरता माझी मान आखडली. कॉलर मात्र ताठ हवी. कॉलर पडली की माणूस दमलेला दिसतो.

केस आदल्या दिवशी धुवायचे, त्याच दिवशी नाही. त्याच दिवशी धुतले की भुरभुरतात. आदल्या दिवशी खारट खायचं नाही, डोळ्यांखाली फुगतं. पावडर लावायची नाही. पावडर बघणाऱ्याला दिसत नाही, दिव्याला दिसते. कपाळ चमकलं तर रुमालाने टिपायचं, घासायचं नाही.

खुर्चीत मागे टेकायचं नाही, कडेला बसायचं, आता उठणार आहे असं. आणि हसायचं कसं ते सांगते. फोटोवाला 'हसा' म्हणाला की माणूस दात दाखवतो आणि डोळे तसेच कोरडे राहतात. मी आतून ओरडायची, "अहो, त्यांना हसा म्हणू नका, काहीतरी विचारा!" मग आजोबा विचारायचे, घरातून निघताना कुलूप लावलंत ना? झालं, माणूस दचकायचा, आठवायचा, आणि आठवलं की जे हसू यायचं ना, ते खरं. तू काय कर, फोटोवाला एक-दोन म्हणायला लागला की खाली आपल्या पायांकडे बघ, श्वास सोड, आणि वर बघताना त्या खोकणाऱ्या माणसाची आठवण काढ.

आता गालाचं. तुझं पत्र बाजूला ठेवलं, डोळे मिटले आणि तुझा चेहरा समोर आणला. मी उद्या आंधळी झाले तरी तो चेहरा मला दिसेल, इतका वेळ बसलेय त्याच्यासमोर. तर ऐक. उजवा गाल मागे, डावा गाल पुढे. मान थोडी उजवीकडे वळवायची म्हणजे डावा गाल आपोआप पुढे येतो. फोटोवाला काहीही म्हणो, ऐकायचं नाही. तो त्याच्या कॅमेऱ्याला ओळखतो, तुला मी ओळखते. याच्याखाली मी मुद्दाम ठळक रेघ ओढलीय.

स्टुलाचं काय मनात घेऊन बसतेस गं? लहान होतीस. सोड तो विषय.

लवकर झोपत जा.

तुझी आजी

१ फेब्रुवारी

प्रिय आजी,

फोटो झाला. सोबत पाठवतेय.

शर्ट राखाडी, तीन वर्षांचा. केस आदल्या दिवशी धुतले. खारट खाल्लं नाही. ऑफिसच्या बैठकीच्या खोलीत टेबल सरकवून एक स्टूल ठेवलं होतं, ते बघून मला हसूच आलं. मी खुर्ची मागितली.

आता त्या ठळक ओळीबद्दल. तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं मीच चुकीचं वाचतेय. तीनदा वाचलं. आरशासमोर उभी राहिले, गालाला हात लावून बघितला. आजी, व्रण डाव्या गालावर आहे. आणि तू लिहिलंस, डावा गाल पुढे. तेही खाली रेघ ओढून!

मग कळलं आणि मी जिन्यावर बसून रडले. तुला हे कधी बोलले नाही, आज बोलते. आपल्या घरातल्या एकाही फोटोत माझ्या गालावर व्रण नाही. शाळेत एकदा घरचा फोटो नेला होता, तर मुली म्हणाल्या, ही तू नाहीसच, ही तुझी बहीण असेल. तेव्हापासून मला वाटायचं, आजीला माझा गाल बघवत नाही. म्हणून ती तो पुसते. अठ्ठावीस वर्षं असं वाटतंय मला. आणि आज माझा फोटो सगळ्या गावाने बघायची वेळ आली तेव्हा तूच म्हणालीस, तोच गाल पुढे कर. लपवायचं कसं विचारलं, तर तू दाखवायचं कसं सांगितलंस.

फोटोवाला म्हणाला, "मॅडम, दुसरीकडे वळा ना, या बाजूने बरं दिसेल." मी म्हटलं, "आजीने सांगितलंय." तो म्हणाला, "आजी फोटोग्राफर आहेत का?" मी म्हटलं, "त्याहून वर." पायांकडे बघितलं, खोकणाऱ्याची आठवण काढली. तो दाराशीच उभा होता आणि नेमका तेव्हाच खोकला.

कसा आलाय सांग.

तुझी
ठकी

७ फेब्रुवारी

ठके,

फोटो पोचला. कॉलर छान बसली आहे. केसही बरे दिसतात. पुन्हा काढता येईल का? मान दुसरीकडे वळवून. बघ जमलं तर. माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी येतं, डॉक्टरांकडे जायचं आहे. जास्त लिहीत नाही.

आजी

११ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र पाच ओळींचं आलं. पाच ओळींत तू कधी 'कशी आहेस' सुद्धा विचारून संपवत नाहीस. पोस्टमनने काय विचारलं, भाजीवाली काय म्हणाली, काही नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, आत आणखी कागद असेल म्हणून.

म्हणजे बघवला नाही ना?

कागद वीस तारखेला छापायला जातात. तोपर्यंत दुसरा फोटो काढता येतो, फोटोवाला पुन्हा यायला तयार आहे. काढते, मला काही नाही. पण एक सांग. आधीच्या पत्रातली आजी खरी की या पत्रातली? तू लिहिशील तसं करते.

ठकी

१४ फेब्रुवारी

ठके,

कशी आहेस? बघ, आधी विचारलं.

आता खरं लिहिते, मध्ये थांबवू नकोस. पत्रात कोण थांबवणार म्हणा, पण तू थांबवशील असं वाटतं.

मी चुकले. डावा गाल पुढे कर असं मला सांगायचंच नव्हतं. मला वण लपवायचा होता, तू विचारलंस तसंच. निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची ती तिच्या मसाल्याच्या, म्हणजे लेपाच्या बाजूने, कारण पेन्सिल तिथेच धरते. आणि त्या बाजूने माणूस उलटा दिसतो, आरशातल्यासारखा. डाव्याचं उजवं. हे आमच्या धंद्यातलं पहिलं पान. नवशिक्या चुकतो, आजोबा त्याला हसतात. चाळीस वर्षांत मी एकदाही चुकले नाही, आणि हातातून पेन्सिल सुटून इतकी वर्षं झाल्यावर चुकले. डोळे मिटून तुझा चेहरा आणला ना, तो टेबलावरचा आणला. तुला मांडीवर घेतलं त्याहून जास्त वेळ तू माझ्या त्या तिरक्या टेबलावर होतीस, मागून खिडकीचा उजेड, वणाची रेघ उजव्या गालावर. तुझा फोटो पाकिटातून निघाला, वण पुढे, तेव्हा कुठे चूक कळली.

म्हणजे तू रडलीस ते माझ्या चुकीवर रडलीस. हे मला सांगवेना म्हणून पाच ओळी. त्याच लिहायला सकाळ गेली.

आता दुसरं. हे पहिल्याहून जड आहे.

तू स्टुलावर चढली नव्हतीस. मी बसवलं होतं. आजोबा बाहेरच्या खोलीत एका कुटुंबाचा फोटो काढत होते आणि तू मध्ये मध्ये करत होतीस, माझं काम घाईचं होतं. मी तुला उचललं, गिऱ्हाइकांच्या त्या उंच स्टुलावर ठेवलं आणि म्हटलं, "इथून हलायचं नाही, फोटो काढायचाय तुझा." कसला फोटो! तू एका जागी बसावीस म्हणून थाप मारली. तू खरंच हलली नाहीस गं. केस नीट केलेस, हात मांडीवर ठेवलेस आणि बसून राहिलीस. मी आत गेले ती एका पाकिटासाठी, ते झालं, दुसरं घेतलं. किती वेळ गेला देव जाणे. तू बसल्या बसल्या पेंगलीस आणि घसरलीस. खाली दिव्याचा स्टँड होता, त्याचा खिळा. सात टाके.

तुझा बाप धावत आला, विचारलं कसं झालं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको नको म्हणताना चढली." एकदा निघालं ते निघालं. पुढे तूच सगळ्यांना तसं सांगायला लागलीस, हसून, मी आगाऊ होते म्हणून. मी ऐकायची आणि भांडी घासायला उठायची.

म्हणून पुसायची. तुझ्या पाकिटावर आजोबांनी 'काढणे' असं कधी लिहिलं नाही. काहीच लिहायचे नाहीत. मीच काढायची, न विचारता. तुझा गाल बघवत नव्हता हे खरंच आहे, पण तुझ्यामुळे नाही.

आता फोटो बदल किंवा ठेव. फक्त माझ्या चुकीला माझा शहाणपणा समजून ठेवू नकोस.

तुझी आजी

१८ फेब्रुवारी

आजी,

राग आला. खूप आला. दोन दिवस तुझं पत्र पिशवीत घेऊन लिफ्टच्या माथ्यावर चढत होते. आगाऊ, आगाऊ म्हणून शाळेत, घरात, लग्नाकार्यात सगळ्यांनी चिडवलं, आणि मी हात मांडीवर ठेवून बसले होते! बाबांना हे तू स्वतः सांगायचंस, मी सांगणार नाही.

पण दुसऱ्या दिवशी एका शिडीवर पाय ठेवताना मी नेहमीसारखा तीनदा दाबून बघितला. ही सवय मला कशाने लागली? आपण न बघता चढतो आणि पडतो, असं मनात बसलं होतं म्हणून. म्हणजे माझी सगळी नोकरी तुझ्या थापेवर उभी आहे. मग तिथेच, शिडीवर, हसू आलं.

फोटो छापायला दिला. तोच. तू चुकून सांगितलंस, मान्य. पण फोटोवाला दुसरीकडे वळा म्हणाला तेव्हा मी चुकून तशी बसले नव्हते.

तुला शिक्षा. डॉक्टरांकडे यापुढे जिन्याने जायचं नाही. ती लिफ्ट मी स्वतः तपासली आहे. कागद लागला की जा.

ठकी

९ मार्च

ठके गं,

बसले! लिफ्टात बसले!

क्रमाने सांगते. तुझ्या बापाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, मला ठाऊक होतं. बाबांनी सांगितलं होतं." म्हणजे तुझे आजोबा जाईपर्यंत माझ्याशी याबद्दल एक शब्द बोलले नाहीत आणि मुलाला सांगून बसले! आता कोणाशी भांडू? त्यांच्या फोटोशी भांडले.

मग शेजारणीला बरोबर घेतलं आणि डॉक्टरांकडे गेले. जिन्यापाशी पाय आपोआप वळला, पण शिक्षा ती शिक्षा. दार उघडलं, आत दोन बायका आणि एक काठीवाले गृहस्थ. मी डोळे गच्च मिटून आत शिरले. शेजारीण म्हणाली, "अहो, डोळे उघडा, समोर नात आहे."

उघडले तर होतीस. बटणांच्या वर. कॉलर ताठ, आणि डोळ्यांत ते हसू, कुलूप आठवल्यावरचं. गाल पुढे.

एक बाई दुसरीला म्हणाली, "अगं बाई, गालाला काय झालं हिच्या?" दुसरी म्हणाली, "काम करताना लागलं असेल. म्हणजे खुर्चीत बसून सह्या करणारी नाही, स्वतः चढणारी आहे." काठीवाले म्हणाले, "तेच बरं." आणि तिघांनी अशी मान हलवली की काय सांगू. मला गप्प बसता आलं असतं. पण मी म्हटलं, "नाही हो. लहान असताना स्टुलावरून पडली. आणि तिला तिथं बसवलं होतं मी. पोरीची काही चूक नव्हती." सगळे माझ्याकडे बघायला लागले. काठीवाले म्हणाले, "मग आता ही तुम्हाला वर नेतेय." मला डोळे पुसायचे होते. म्हणून मी पाठ फिरवली.

मागे सबंध भिंतभर आरसा, हे तू सांगितलं नव्हतंस. त्यात मी, माझी पिशवी, आणि खांद्यावरून तू. उलटी. वण उजव्या गालावर, अगदी माझ्या टेबलावर असायचीस तशी. ठके, हात आपणहून वर गेला गं, बोटं पेन्सिल धरल्यासारखी झाली. तेवढ्यात तिसरा मजला आला आणि दार उघडलं.

डॉक्टर म्हणाले, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकायला लागलाय, पुढच्या महिन्यात काढू. मी म्हटलं, काढा. उतरताना लिफ्टनेच उतरले. खाली आल्यावर शेजारीण बाहेर पडली, मी नाही पडले. पुन्हा वर जाऊन आले. कोणी नव्हतं तेव्हा, आपण दोघीच.

घरी आले आणि तू पाठवलेला फोटो काढला. स्टुडिओतली जुनी पाकिटं अजून आहेत एका डब्यात, त्यातलं एक घेतलं, फोटो आत सरकवला. तुझ्या पाकिटावर इतकी वर्षं कोणी काही लिहिलं नव्हतं. पेन्सिलला टोक केलं आणि लिहिलं, माझ्या चांगल्या अक्षरात:

डाव्या गालावरचा वण ठेवणे.

तुझी आजी